मोहतसिब, मोहतमीम आणि नोकरनामा

दारूच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूस बहुधा दुकानाचा मालक नसतो. मालक आपल्या घरी असतो, कधी दुसऱ्याच गावी असतो. परवाना त्याच्या नावाचा, नफा त्याचा. गल्ल्यावरच्या माणसाकडे असतो तो फक्त एक कागद. उत्पादन शुल्क खात्याच्या भाषेत त्या कागदाला 'नोकरनामा' म्हणतात. अमुक परवान्यावर अमुक इसम मालकाच्या वतीने काम करू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. तो नसलेला माणूस विक्री करताना सापडला की परवान्याच्या अटीचा भंग झाला असे धरले जाते.

शब्द मोठा गमतीचा आहे. 'नोकर' आणि 'नामा' हे दोन्ही फारसीतून आलेले. निकाहनामा, वकालतनामा, बैनामा या शब्दांच्या पंगतीत तो सहज बसतो. इंग्रज आले, गेले, कायद्यांची नावे बदलली, पण परमिट रूमच्या मॅनेजरच्या खिशातला कागद अजून मोगली दप्तरातल्यासारखाच बोलतो.

या कागदामागे एक जुना प्रश्न दडलेला आहे. आजच्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे परवानाधारकाने, त्याच्या नोकराने किंवा त्याच्या संमतीने काम करणाऱ्या कोणीही अटीचा भंग केला, तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. म्हणजे नोकराच्या हातून चूक झाली तर शिक्षा मालकाच्या परवान्याला, आणि परवाना गेला की उपासमार पुन्हा नोकराची. हे झाले धंद्यातल्या चुकीबद्दल. पण नोकराचे खाजगी वर्तन? तो घरी काय करतो, कोणाबरोबर फिरतो, स्वतः पितो की नाही, याची चौकशी करण्याचा अधिकार कोणाला आहे? दारू विकणाऱ्याचे, आणि दारूवर नजर ठेवणाऱ्याचे, वैयक्तिक आचरण हा शिस्तभंगाचा विषय होऊ शकतो का? या प्रश्नाला आपल्या इतिहासात अनेकदा उत्तरे दिली गेली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

उर्दू माध्यमाच्या शाळेत गजल शिकवताना एक पात्र नेहमी समजावून सांगावे लागते. साकी मुलांना कळतो, रिंद कळतो, वाइज म्हणजे उपदेश करणारा हेही कळते. मोहतसिब मात्र कळत नाही. मुले विचारतात, "सर, मोहतसिब म्हणजे पोलीस का?" थोडासा पोलीस, थोडासा नगरपालिकेचा निरीक्षक, थोडासा मौलवी, असे उत्तर मी देतो. बाजारातली वजनेमापे तपासणे, भेसळ पकडणे, रस्ता अडवणाऱ्याला हटवणे आणि उघड दारूविक्री बंद करणे, ही सारी त्याची कामे. हे काम म्हणजे हिस्बा. शायरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, कारण तो दुसऱ्याचा प्याला फोडतो आणि स्वतःच्या घरी काय करतो ते कोणी विचारत नाही.

परंतु खुद्द फिक्हच्या ग्रंथांत मोहतसिबाला मोकळे रान दिलेले नाही, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते. बगदादचे न्यायशास्त्री अल-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी 'अल-अहकाम अस-सुलतानिया' या ग्रंथात हिस्ब्याचे नियम घालून दिले. त्यात त्यांनी उघड अपराध आणि झाकलेला अपराध यांत स्पष्ट भेद केला आहे. बाजारात, रस्त्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर जे घडते ते मोहतसिबाचे क्षेत्र. बंद दाराआड जे घडते त्याची हेरगिरी करण्याचा हक्क त्याला नाही.

याला आधार म्हणून हजरत उमर (रजि.) यांची एक प्रसिद्ध रिवायत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना त्यांना एका घरातून गाण्याचा आवाज आला. भिंत चढून ते आत उतरले. आत एक पुरुष, एक स्त्री आणि शराब. खलिफा रागावले. तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी अल्लाहची एक नाफरमानी केली असेल, पण आपण तीन केल्या आहेत. हेरगिरी करू नका असा हुकूम आहे, आपण ती केली. घरात दारातून प्रवेश करा असा हुकूम आहे, आपण भिंतीवरून आलात. परवानगी घेऊन, सलाम करून आत या असा हुकूम आहे, तेही आपण केले नाही. सूरह हुजुरात, बकरा आणि नूर या तिन्हींमधले ते आदेश त्याला पाठ होते. हजरत उमर यांनी त्याला सोडून दिले. रिवायतीच्या सनदीची चर्चा उलेमांनी करावी. मला एवढेच महत्त्वाचे वाटते की इमाम गझालींसारख्यांनी ही कथा आपल्या ग्रंथात घेतली ती खलिफाचा दोष दाखवण्यासाठी नव्हे, सत्तेची मर्यादा दाखवण्यासाठी.

आता हिंदुस्थानात येऊ. मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी अकबराचा कडवा टीकाकार. त्याच्या 'मुंतखब-उत-तवारीख'मध्ये एका दारूच्या दुकानाची हकीकत आहे. अकबराने दरबाराजवळ एक दुकान उघडायला लावले. वैद्याच्या सल्ल्याने, औषध म्हणून ज्याला हवी त्याला तिथे ठरलेल्या दराने शराब मिळे. दुकानाची व्यवस्था पाहायला द्वारपालाची बायको नेमली होती. ती मूळची दारू गाळणाऱ्या जमातीतली. घेणाऱ्याने आपले, बापाचे आणि आजोबाचे नाव मुन्शीकडे लिहवायचे असा नियम होता. पिऊन दंगा करणाऱ्याला शिक्षा. बदायुनी चिडून सांगतो की लोक सर्रास खोटी नावे लिहवून शराब नेत आणि दंगे काही थांबले नाहीत.

या हकीकतीत आजची परमिट रूम जशीच्या तशी आहे. प्रकृतीच्या कारणासाठी परवाना, ठरलेला दर, नावांची वही आणि वहीतली खोटी नावे. दुकान चालवणारी व्यक्ती मालक नाही, सरकारने बसवलेली आहे. बदायुनीचा राग तिच्यावरही निघतो. तिच्या जातीचा उल्लेख तो आवर्जून करतो. धोरण बादशहाचे, पण लेखणीचा टोला बसला तो द्वारपालाच्या बायकोला.

जहांगीर तर स्वतःच कबुली देऊन मोकळा झाला. तख्तावर बसताच त्याने जे बारा हुकूम काढले, त्यांपैकी एकात शराब आणि तत्सम मादक पदार्थ बनवणे व विकणे मना केले. आणि तिथेच 'तुजुक'मध्ये लिहून ठेवले की मी स्वतः अठराव्या वर्षापासून आजतागायत पीत आलो आहे. अशा हुकमाची अंमलबजावणी कोणता कोतवाल मनापासून करणार?

औरंगजेबाचे प्रकरण वेगळे. तो पीत नव्हता याबद्दल त्याच्या शत्रूंनाही शंका नाही. १६५९ मध्ये त्याने मुल्ला औज वजीह यांना मोहतसिब नेमले. दारू, भांग, जुगार बंद करणे हे त्यांचे काम. मोठा मान, मोठा पगार. त्या काळची एक गोष्ट इटालियन प्रवासी मनुची सांगतो. बादशहा एकदा संतापून म्हणाला की साऱ्या हिंदुस्थानात न पिणारी माणसे दोनच, एक मी आणि दुसरे काझी अब्दुल वहाब. मनुची पुढे लिहितो की दुसऱ्या नावाबद्दल बादशहाची फसगत झाली होती, कारण काझीसाहेबांकडे रोज एक बाटली मीच पाठवत होतो.

मनुचीवर किती विश्वास ठेवायचा? तो बाजारगप्पा आवडीने लिहिणारा माणूस. दुसऱ्याची फजिती आणि स्वतःची चलाखी सांगण्याची त्याला हौस होती. शराब मी पुरवत होतो असे सांगणारा साक्षीदार स्वतःही त्या गुन्ह्यात भागीदारच असतो. म्हणून या एका वाक्यावर काझी अब्दुल वहाब यांना दोषी ठरवणे मला पटत नाही. मात्र खाफी खानासारखा त्या काळाजवळचा इतिहासकारही काझींच्या सचोटीबद्दल चांगले बोलत नाही. शाहजहान जिवंत असताना औरंगजेबाच्या तख्तनशिनीला शरई आधार शोधून देणारे हेच गुजरातचे काझी. १६७५ मध्ये ते वारले तेव्हा मागे मोठी दौलत होती. काझीच्या पगारातून एवढी दौलत जमत नाही, हे सर्वांना कळत होते.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की बादशहाने हयातीत त्यांच्यावर काहीही कारवाई केली नाही. दारू विकणाऱ्याचे हातपाय तोडण्याचे हुकूम निघाले असे मनुचीच सांगतो. परंतु न्यायदानाच्या सर्वोच्च आसनावर बसलेल्या माणसाच्या वर्तनाची चौकशी झाल्याचे कोठे दिसत नाही. शिस्त खालच्या माणसासाठी होती.

कारवाई झाली ती घरातूनच. काझींचे चिरंजीव शेख-उल-इस्लाम यांनी वडिलांच्या वारशातला आपला हिस्सा घेण्याचे नाकारले, तो वाटून टाकला. बापाचे पद मुलाकडे आले. पुढे दख्खनच्या स्वारीत विजापूर आणि गोवळकोंड्याच्या मुसलमान सुलतानांविरुद्धच्या युद्धाला शरई संमती देण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी ती दिली नाही. पद सोडून ते हजला निघून गेले. आपण खुलदाबादला जातो, आलमगीरची साधी कबर पाहतो, टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांची कथा ऐकतो आणि परत येतो. त्याच्याच दरबारातल्या या काझीपुत्राची आठवण मात्र कोणी काढत नाही. माझ्या मते आलमगीरच्या काळातल्या सचोटीचा शोध घ्यायचा तर या माणसापासून सुरुवात करावी.

मराठवाड्यात पुढे आसफजाही राजवट आली आणि दारू हा नैतिकतेपेक्षा महसुलाचा विषय झाला. ताडी, शिंदी आणि मोहाची दारू यांवरचे उत्पन्न निजामाच्या खजिन्याचा एक मोठा आधार होता. विक्रीचा हक्क लिलावाने दिला जाई. त्या मक्त्याला गुत्ता म्हणत, घेणारा तो गुत्तेदार. आज आपल्याकडे रस्त्याचे, शाळाखोल्यांचे काम घेणाऱ्यालाही गुत्तेदार म्हणतात. १३१६ फसलीचा, म्हणजे १९०६-०७ च्या सुमाराचा, हैदराबाद आबकारी कायदा हा या व्यवस्थेचा पाया. दप्तराची भाषा उर्दू असल्याने आबकारीच्या अधिकाऱ्याला मोहतमीम म्हणत. मदरशाच्या प्रमुखालाही आपण मोहतमीमच म्हणतो! मोहतसिब दारू बंद करणारा, मोहतमीम ती शिस्तीत चालवणारा. दोन अक्षरांचा फरक, पण त्यात राज्यकर्त्यांची सारी दृष्टी बदललेली दिसते. लिलावात सर्वांत मोठी बोली लावणारा तो लायक, त्याच्या चारित्र्याची पुस्ती जोडण्याचे कारणच उरले नाही.

तिकडे मुंबई इलाख्यात वारे उलट दिशेने वाहत होते. खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. आबकारी खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर स्वतः पारशी, आणि धंदा बुडाल्याने सर्वांत जास्त ओरड झाली ती पारशी समाजातून. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला मुख्य न्यायाधीश होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २५ मे १९५१ ला लागला आणि तो लिहिला न्या. सय्यद फजल अली यांनी. कायद्याचा बहुतेक भाग त्यांनी उचलून धरला, मात्र अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. ज्या देशात दारूबंदीला मुसलमानांची शरियत समजण्याची खोड काहींना आहे, तिथे एका मुसलमान न्यायमूर्तीने दारूबंदी कायम ठेवून व्यक्तीच्या हक्काची खिडकीही उघडी ठेवली, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत एक अपघात झाला. त्यातून आपल्या विषयाच्या अगदी जवळ येणारा खटला उभा राहिला. बेहराम पेसिकाका हे मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. म्हणजे लोकांना वाहन चालवण्याचे परवाने देणाऱ्या खात्याचे प्रमुख. त्यांच्या जीपचा तीन पादचाऱ्यांना धक्का लागला आणि तोंडाला दारूचा वास आला. परवाने देणाराच पिऊन गाडी चालवतो, यापेक्षा लाजिरवाणा आरोप कोणता? त्यांचे म्हणणे असे की आपण औषधी टॉनिक घेतले होते. खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दारूबंदीच्या कलमाखाली दोषी धरले, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. बलसारा निकालानंतर औषधातले अल्कोहोल गुन्हा राहिला नव्हता. तेव्हा पोटात गेलेली दारू निषिद्ध प्रकारची होती हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, आरोपीने नव्हे, असे बहुमताने ठरले.

मला या निकालात मनुचीची बाटली आठवते. वास आला, लोक बोलले, कोणी सांगितले की मीच पाठवत होतो. एवढ्याने माणूस दोषी ठरत नाही. मोठ्या पदावरच्या माणसाला हा न्याय मिळाला, चांगले झाले. हाच न्याय गल्ल्यावरच्या माणसाला मिळतो का, हा पुढचा प्रश्न.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या विस्तार कायद्याने मुंबईचा दारूबंदी कायदा आपल्याकडेही लागू झाला. गुत्त्याच्या मुलखात परमिटची पद्धत आली. पुढे बंदी सैल होत गेली, कायद्याचे नाव मात्र दारूबंदीचेच राहिले. त्याच कायद्याखाली आज देशी दारूची दुकाने, बिअर शॉपी आणि परमिट रूम चालतात. जहांगीरने पाहिले असते तर त्याला नवल वाटले नसते.

चारित्र्याचा प्रश्न उघडपणे न्यायालयात आला तो डान्स बारच्या निमित्ताने. २००५ मध्ये राज्याने बंदी घातली, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मग २०१६ चा नवा कायदा आणि नियम आले. त्यांत परवाना मागणाऱ्याचे चारित्र्य आणि पूर्वेतिहास चांगला असावा अशी अट होती. आत सीसीटीव्ही बसवण्याचीही अट होती. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही अटी रद्द केल्या. 'चांगले चारित्र्य' म्हणजे काय याची व्याख्याच नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीवर ते सोडता येणार नाही, हे एक कारण. आणि आतल्या कॅमेऱ्याने लोकांच्या खाजगीपणावर घाला येतो, हे दुसरे. भिंत चढून आत उतरू नका, हे त्या अनामिक माणसाने खलिफाला सांगितले होते. दिल्लीच्या न्यायालयाला ती रिवायत माहीत असण्याचे कारण नाही, पण तर्क तोच आहे.

यावर कोणी म्हणेल, सर, तुम्ही दारूवाल्यांची वकिली करता काय? अजिबात नाही. गारखेड्यात राहणारा माणूस दारूची वकिली करू शकत नाही. सूतगिरणी चौकाच्या आजूबाजूला संध्याकाळी फिरून यावे. कामगाराची मजुरी घरी पोचण्याआधी कोठे थांबते ते दिसते. महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून 'आडवी बाटली'ने दुकाने बंद पाडली, त्या लढ्याबद्दल मला आदर आहे. तिथे दुकान बंद झाले ते दुकान म्हणून. कोणाच्या घरात डोकावून नव्हे.

माझे दुखणे दुसरे आहे. शाळेत प्रवेशाच्या वेळी पालकाचा व्यवसाय लिहावा लागतो. एका वडिलांनी 'हॉटेल मॅनेजर' असे लिहिले. मुलगा हुशार. पुढे कळले की ते एका परमिट रूमच्या गल्ल्यावर बसतात. स्वतः थेंबही घेत नाहीत, जुम्म्याला शेवटच्या सफीत उभे राहतात आणि सलाम फिरताच निघून जातात, कोणी बोलू नये म्हणून. मोहल्ल्यात त्यांच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी दोनदा याच कारणावरून मोडली. त्यांच्यावर ना खात्याने ठपका ठेवला, ना मालकाने. जी काही शिस्तभंगाची कारवाई झाली ती आपण केली.

तिर्मिजी आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत शराबबाबत दहा जणांवर लानत सांगणारी हदीस आहे. गाळणारा, पिणारा, वाहून नेणारा, पाजणारा, विकणारा, विकत घेणारा हे त्यात आहेत. वाढणाराही त्यात आहे, हे मी लपवत नाही, त्या वडिलांनीही कधी लपवले नाही. पण त्याच यादीत दारूची किंमत खाणाराही आहे. परमिट रूमला गाळा भाड्याने देऊन महिन्याचे भाडे घेणारे लोक आपल्यातही आहेत, आणि ते शेवटच्या सफीत उभे राहत नाहीत. जलशात त्यांना खुर्ची मिळते. त्यांच्या मुलींच्या सोयरिकी मोडत नाहीत. यादी दहा जणांची आहे, आपण ती एकालाच वाचून दाखवतो.

त्या वडिलांना मी एकदा विचारले, दुसरे काम का पाहत नाही? ते म्हणाले, "सर, बारा वर्षांचा अनुभव आहे, पण तो सांगू कोणाला? दुसरीकडे कामाला गेलो की विचारतात, आधी कोठे होता?" नोकरनाम्यावर नाव, फोटो, परवान्याचा क्रमांक सगळे आहे. अनुभवाचा दाखला म्हणून मात्र तो कागद कोणालाही दाखवता येत नाही. त्यांचा मुलगा यंदा दहावीला आहे. बोर्डाच्या अर्जात व्यवसायाचा रकाना आला तर काय लिहायचे, ते त्याने अजून मला विचारलेले नाही.